ऑनलाइन लिलावातलं लिस्टिंग नीट कसं मांडावं: मिरजेच्या तंबोऱ्याचं उदाहरण घेऊन

लिलावाला लावलेली वस्तू गिऱ्हाइकाला हातात घेता येत नाही, ठोकून बघता येत नाही, उलटी करून तळ पाहता येत नाही. त्याच्या हाती असतात फक्त फोटो आणि वर्णन. म्हणून वर्णनाची मांडणी ही सजावट नव्हे. त्याच्या मनात येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर त्याला न शोधता सापडावं, एवढ्यासाठीच ती करायची. हे काम एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपान मांडायच्या भाषेच्या, आठ-नऊ साध्या खुणांनी होतं. प्रोग्रामिंग यायची गरज नाही, कुठलं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. विंडोजमधलं नोटपॅड आणि एक ब्राउझर पुरे.

उदाहरणाला मिरजेत बनलेला एक वापरलेला बायकी, म्हणजे बायकांच्या आवाजाला जुळणारा लहान, तंबोरा घेऊ. तंबोऱ्यावर जमलं की पितळी समई, जुना कॅमेरा, पोस्टाची तिकिटं, काहीही त्याच साच्यात बसतं. तंबोरा मुद्दाम निवडला, कारण त्यात सांगण्यासारखं खूप आहे आणि चुकण्यासारखंही.

कुठे लावायचं

लिलाव आणि स्वतःचं एचटीएमएल, दोन्हींची सोय असलेलं नेहमीचं ठिकाण म्हणजे ईबे. ईबेची भारतातली वेगळी साइट ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाली. तेव्हापासून सांगली-मिरजेचा विक्रेता ईबेच्या मुख्य साइटवरून माल विकतो आणि गिऱ्हाईक बहुधा परदेशी असतं. यातून दोन गोष्टी येतात. वर्णन इंग्रजीत लिहावं लागतं, आणि विक्री ही निर्यात ठरते. निर्यातीसाठी डीजीएफटीचा (परकीय व्यापार महासंचालनालयाचा) आयईसी, म्हणजे आयात-निर्यात क्रमांक हवा. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. लिस्टिंग लावायच्या आधीच काढून ठेवा.

जे विकता येत नाही ते आधी बाजूला काढा

मांडणीकडे वळण्याआधी हे बघायचं, कारण इथे चूक झाली तर सुंदर लिस्टिंगही काढून टाकलं जातं आणि पुढे कायद्याची भानगड मागे लागते.

जुन्या तंबोऱ्यावरचं पांढरं नक्षीकाम आणि घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, नीट तपासा. आजच्या वाद्यांवर ते काम बहुतेक सेल्युलॉइडचं किंवा प्लॅस्टिकचं असतं. पण जुन्या वाद्यात हस्तिदंत असू शकतो, आणि घोडी सांबरशिंगाची असू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे या दोन्हींचा व्यापार चालत नाही, आणि ईबेही हस्तिदंत चालवून घेत नाही. घोडी कशाची आहे हे ओळखू येत नसेल तर मिरजेच्या जाणत्या कारागिराला दाखवा. ती बदलून घ्यायची असेल तर आधी बदला, मग फोटो काढा.

दुसरं, जुन्या वस्तू. पुरावस्तू व कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, भांडं ही पुरावस्तू ठरते. हस्तलिखिताला ७५ वर्षांची मर्यादा आहे. पुरावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. साताऱ्या-सांगलीकडच्या घरांत सापडणारी शिवराई यात बसते, तेव्हा ती परदेशी लिलावाला लावायचीच नाही. देशातल्या देशात पुरावस्तूंचा धंदा करायचा तरी परवाना लागतो.

तिसरं, नाव. मिरजेची सतार आणि मिरजेचा तानपुरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. तंबोरा मिरजेत बनलेला असेल तरच मिरजेचं नाव लिहा. कुठे बनला याची खात्री नसेल तर ‘महाराष्ट्रात घेतलेला’ एवढंच लिहिलेलं बरं.

मजकूर आधी, खुणा नंतर

नवशिक्याची हमखास चूक म्हणजे लिहिता लिहिताच रंग देत बसणं. आधी साध्या कागदावर सहा गोष्टी लिहून काढा: वस्तू काय आहे, मापं, स्थिती, दोष, सोबत काय मिळेल, पाठवणार कसं. याच क्रमाने. वाजवणारा माणूस सगळ्यात आधी मापं आणि स्थिती बघतो, नक्षीकामाचं कौतुक त्याला नंतर.

तंबोऱ्यासाठी मोजायचं ते असं. एकूण लांबी, खुंट्यांच्या टोकापासून भोपळ्याच्या तळापर्यंत. भोपळ्याची सर्वांत जास्त रुंदी. तारांची संख्या. वजन. मापं इंचांत आणि सेंटिमीटरमध्ये, वजन किलोत आणि पौंडांत, दोन्ही द्या. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला १२२ सेंटिमीटर म्हटलं तर डोळ्यांपुढे काही येत नाही, ४८ इंच म्हटलं की लगेच येतं. जर्मनीतल्या गिऱ्हाइकाचं उलटं.

स्थिती लिहिताना ‘उत्तम’, ‘फारच छान’ हे शब्द काढून टाका आणि बघितलेलं लिहा: खुंट्या घट्ट बसतात की घसरतात, तबलीला (भोपळ्यावरच्या लाकडी पाटीला) तडा आहे का, भोपळ्याला पूर्वी जोड दिलेला आहे का, जवारी (तार झणझणावी म्हणून घोडीच्या माथ्याला घासून दिलेली घडण) अलीकडे काढली आहे की काढून घ्यावी लागेल, तारा नव्या की गंजलेल्या, सूर बारीक जुळवायचे मणी चारही आहेत का. जवारी बसलेली नसेल तर तंबोरा बोलत नाही, हे घेणाऱ्याला ठाऊक असतं. ते लपवलं तर वाद्य परत येतं, आणि समुद्रापारहून तंबोरा परत येणं म्हणजे विक्रीचे पैसे तर गेलेच, वर भाडंही अंगावर.

दोष स्वतंत्र परिच्छेदात लिहा. आकारासह लिहा: ‘तबलीवर घोडीच्या डाव्या बाजूला सव्वा इंचाची केसासारखी चीर, आरपार नाही, आवाजावर परिणाम नाही.’ असं वाक्य वाचून गिऱ्हाईक पळत नाही, उलट बोली लावायला धजावतं. ज्या लिस्टिंगमध्ये वापरलेल्या वाद्याचा एकही दोष सांगितलेला नाही, त्याच्याकडे जाणकार संशयानेच बघतो.

फोटो

फोटोंवर वेगळा लेख होईल, इथे गरजेपुरतं. ईबेवर एका लिस्टिंगला २४ फोटो देता येतात. लांब बाजू किमान ५०० पिक्सेल लागते, पण १६०० च्या आसपास ठेवा, म्हणजे मोठं करून बघताना तडा, रेघ स्पष्ट दिसते. फोटोवर नाव, किंमत, चौकट काही टाकू नका, ईबेला ते चालत नाही.

खिडकीजवळ सकाळच्या उजेडात, साध्या एकरंगी चादरीवर वाद्य ठेवून फोटो काढा. रात्री ट्यूबलाइटखाली काढलेल्या फोटोत पॉलिशवर पांढरी लांब रेघ उमटते आणि घेणाऱ्याला तो ओरखडा वाटतो. पहिला फोटो संपूर्ण वाद्याचा हवा. यादीत फोटो चौकोनात बसवला जातो, त्यात उभा तंबोरा काडीसारखा दिसतो, म्हणून तो तिरपा ठेवून कोपऱ्यातून कोपऱ्यात बसवा. दोष लिहिलाय त्या प्रत्येक जागेचा जवळून एक फोटो, शेजारी फूटपट्टी ठेवून.

हे सगळे फोटो लिस्टिंगच्या फोटोंच्या जागीच चढवा. वर्णनात एचटीएमएलने घुसवलेला फोटो दुसऱ्या कुठल्या तरी सर्व्हरवरून येतो. तो सर्व्हर बंद पडला की तिथे फुटकी चौकट उरते, आणि पत्ता सुरक्षित नसेल, म्हणजे एचटीटीपीएसने सुरू होत नसेल, तर तो दिसेलच याची खात्री नाही.

खुणा: एवढ्या आल्या की झालं

एचटीएमएलची खूण, म्हणजे टॅग, कोनी कंसात लिहितात. एक सुरू करणारी, एक बंद करणारी. बंद करणारीत कंसानंतर तिरपी रेघ असते. इथे खुणांची नावं देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना मात्र इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे: ‘बी’ म्हणजे इंग्रजी बी हे अक्षर, ‘पी’ म्हणजे पी, ‘एलआय’ म्हणजे एल आणि आय.

नोटपॅड उघडून पहिला परिच्छेद असा लिहा:

<पी>मिरजेचा बायकी तंबोरा, चार तारा, वापरलेला, वाजवण्याजोगा.</पी>

पी ही परिच्छेदाची खूण. ब्राउझर प्रत्येक परिच्छेदाच्या आधी-नंतर थोडी जागा सोडतो. ही खूण आधी शिकायची, कारण नोटपॅडमध्ये कितीही वेळा एंटर मारलं तरी ब्राउझरला ते कळत नाही. तो एंटर आणि सलग मोकळ्या जागा या सगळ्यांची मिळून एकच जागा करतो. ‘मी तर ओळी सोडल्या होत्या, पानावर सगळं एकत्र का आलं?’ या तक्रारीचं कारण हेच. परिच्छेद न तोडता नुसती ओळ मोडायची असेल तर <बीआर>. हिला बंद करणारी खूण नाही.

ठळक अक्षरांसाठी <बी> आणि </बी>. ठळक करायचं ते एका परिच्छेदात जास्तीत जास्त एकदा, दोन-तीन शब्द. सगळंच ठळक केलं तर काहीच ठळक राहत नाही.

छोट्या मथळ्यासाठी <एच३>, म्हणजे एच आणि त्याला जोडून तीनचा आकडा. एच१ वापरू नका. पानाचं मुख्य शीर्षक साइट स्वतः देते, वर्णनात दुसरं तेवढंच मोठं शीर्षक आलं की पान बेढब दिसतं. मथळे तीन पुरतात: मापं, स्थिती आणि दोष, पाठवणी.

यादीसाठी दोन खुणा एकात एक. बाहेर <यूएल>, आत प्रत्येक मुद्द्याला <एलआय>:

<यूएल>
<एलआय>कापडी खोळ</एलआय>
<एलआय>सुट्या तारांचा एक संच</एलआय>
<एलआय>जवारीसाठी दोरा</एलआय>
</यूएल>

‘सोबत काय मिळेल’ याला यादी चपखल बसते. दोष मात्र यादीत टाकू नका, ते पूर्ण वाक्यांत हवेत. ‘चीर – लहान’ असं यादीत लिहिलं की गिऱ्हाईक विचारणारच, किती लहान?

मापांचा तक्ता

तक्ता जमला की लिस्टिंग निम्मं झालं. बाहेरची खूण <टेबल>, इंग्रजी टी, ए, बी, एल, ई. आडव्या ओळीची <टीआर>, एका खान्याची <टीडी>.

<टेबल>
<टीआर><टीडी>लांबी</टीडी><टीडी>४८ इंच / १२२ सेंमी</टीडी></टीआर>
<टीआर><टीडी>भोपळ्याची रुंदी</टीडी><टीडी>१३ इंच / ३३ सेंमी</टीडी></टीआर>
<टीआर><टीडी>तारा</टीडी><टीडी>४ – पंचम, जोडीच्या दोन, खर्ज</टीडी></टीआर>
<टीआर><टीडी>वजन</टीडी><टीडी>३ किलो / ६.६ पौंड</टीडी></टीआर>
</टेबल>

प्रत्येक ओळीत खाने सारखेच असू द्या. एका ओळीत दोन आणि पुढच्या ओळीत तीन झाले की खाने सरकतात. टीडी बंद करायची राहिली तर ब्राउझर बहुधा सांभाळून घेतो. पण शेवटची </टेबल> राहिली तर पुढचा सगळा मजकूर भलतीकडे जातो, कधी तक्त्याच्याही वर. पाठवणीची माहिती अचानक पानाच्या सुरुवातीला दिसली तर आधी हीच खूण शोधा.

तक्ता दोनच खान्यांचा ठेवा. जुन्या साच्यांत तक्त्याला ८०० पिक्सेल ठाम रुंदी दिलेली असते. फोनच्या पडद्याला साधारण ३६० ते ४१० पिक्सेल मिळतात, त्यामुळे उजवा खाना पडद्याबाहेर जातो. आणि आकडे नेमके त्याच खान्यात असतात. रुंदी द्यायचीच झाली तर टक्क्यांत द्या, किंवा देऊच नका. दोन खान्यांचा तक्ता मजकुराला पुरेल एवढाच होतो.

रंग आणि अक्षरांचा आकार

पूर्वी यासाठी ‘फॉन्ट’ आणि ‘सेंटर’ या खुणा वापरत. एचटीएमएलच्या पाचव्या आवृत्तीत त्या बाद ठरल्या. चालतात अजून, पण त्यांची सवय लावून घेऊ नका. त्यांच्याऐवजी खुणेच्या आतच स्टाइल लिहितात:

<पी स्टाइल="कलर:#३३३३३३; फॉन्ट-साइज:१६पीएक्स">

इथे कलर, फॉन्ट-साइज हे शब्द आणि आकडे इंग्रजीत टाइप करायचे. # नंतर सहा वेळा तीन म्हणजे गडद राखाडी, जवळजवळ काळा. वाचायला हा रंग उत्तम. पांढऱ्यावर राखाडी अक्षरं किती फिकी चालतील याचं माप आहे: साध्या मजकुराला रंगांतला फरक किमान ४.५ पट हवा असं वेबच्या सुलभतेचे नियम सांगतात. राखाडीत ही मर्यादा ७६ हा आकडा तीनदा लिहून होणाऱ्या रंगावर येते. त्याहून फिकं केलं तर उन्हात फोन धरणाऱ्याला काही दिसणार नाही.

पार्श्वभूमीला रंग देऊ नका. पिवळ्यावर लाल, काळ्यावर हिरवं, हे जत्रेतल्या फलकाला शोभतं. तंबोऱ्याच्या पॉलिशचा खरा रंग फोटोत बघायचा असतो, आणि शेजारी भडक पट्टा असला की डोळ्याला तो रंग वेगळाच वाटतो. एक गडद रंग मजकुराला, फार तर दुसरा मथळ्यांना, इतकंच. सरकणारी अक्षरं, लुकलुकणारी चिन्हं पूर्ण वर्ज्य. जावास्क्रिप्ट आणि त्यावर चालणाऱ्या हलत्या गोष्टींना ईबेने २०१७ पासून बंदी घातली आहे. बाजारात फुकट मिळणाऱ्या जुन्या साच्यांत त्या दडलेल्या असतात, म्हणून साचा उचलण्यापेक्षा हे पंधरा-वीस ओळींचं स्वतः लिहिलेलं बरं.

स्टाइलमधली अवतरणचिन्हं सरळ हवीत. वर्डमध्ये लिहून इथे चिकटवलं की वर्ड ती वाकडी करतो, ब्राउझर ती ओळखत नाही आणि रंग लागत नाही. शेवटचं अवतरणचिन्ह विसरलं तर त्याहून वाईट होतं: पुढचा मजकूर खुणेचाच भाग समजला जातो आणि पानावरून गायब होतो. परिच्छेदच दिसत नसेल तर आधी अवतरणचिन्हं मोजा, ती सम संख्येत हवीत. वर्डमधून थेट वर्णनाच्या चौकटीत चिकटवलं तर सोबत शेकडो ओळींचा नको तो कचराही येतो. नेहमी नोटपॅडमधून न्या.

आणखी एक बारीक खोड. मजकुरात ‘पेक्षा कमी’ म्हणून < हे चिन्ह लिहिलं तर ब्राउझरला तिथून खूण सुरू झाल्यासारखी वाटू शकते. आकड्यांत शब्दच वापरा: ‘४ किलोपेक्षा कमी’.

मराठी मजकूर टाकायचा असेल तर

परदेशात राहणारी मराठी माणसं तंबोरा शोधतात. इंग्रजी वर्णनाखाली मराठीत चार ओळी जरूर द्या. पण ‘श्रीलिपी’ किंवा ‘कृतिदेव’च्या जुन्या पद्धतीत, लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे टाइप करून घेतलेला मजकूर चिकटवू नका. त्या फॉन्टमध्ये अक्षरं इंग्रजी चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. गिऱ्हाइकाकडे तो फॉन्ट नसतो, त्याला नुसती कंस-टिंबांची खिचडी दिसते. मजकूर युनिकोडमध्येच हवा. फोनच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेलं युनिकोडच असतं. नोटपॅडमध्ये फाइल जतन करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतील.

देवनागरीला इंग्रजीपेक्षा थोडं मोठं अक्षर लागतं, १८ पिक्सेल ठेवा. ओळींमधलं अंतर लाइन-हाइट १.६ द्या. कमी पडलं तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत घुसतात. अक्षरांतलं अंतर वाढवणारी लेटर-स्पेसिंग देवनागरीला कधीही लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरतात. तिरपी अक्षरंही नकोत. इंग्रजीसारखी देवनागरीची वेगळी तिरपी घडण बहुतेक फॉन्टमध्ये नसते, ब्राउझर सरळ अक्षरंच ओढून वाकवतो.

तपासणी

फाइलचं नाव डॉट एचटीएमएल असं संपवून जतन करा आणि ब्राउझरमध्ये उघडा. दिसतंय ते बरोबर असेल तर तीच फाइल फोनवर पाठवून तिथेही उघडा, कारण गिऱ्हाईक बहुतेक वेळा फोनवरच बघतं. फोनवर अक्षरं मुंगीएवढी दिसली तर घाबरू नका. सुट्या फाइलमध्ये फोन पान लहान करून दाखवतो. लिस्टिंगमध्ये मात्र वर्णनाच्या पहिल्या ओळीत व्ह्यूपोर्टची मेटा खूण असली की ते टळतं. तिच्यात रुंदी ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि सुरुवातीचं प्रमाण १ असं सांगितलेलं असतं. ही एक ओळ कुठल्याही एचटीएमएल शिकवणाऱ्या पानावरून जशीच्या तशी घ्यावी, हाताने लिहू नये. हायफन, स्वल्पविराम इकडचे तिकडे होतात.

आता ईबेच्या विक्री-फॉर्मवर, संगणकावरून, वर्णनाच्या चौकटीपाशी ‘एचटीएमएल कोड दाखवा’ या अर्थाचा पर्याय असतो. त्यावर टिचकी मारून मगच मजकूर चिकटवा. तो न निवडता चिकटवलं तर गिऱ्हाइकाला तुमचे कोनी कंसच दिसतील.

वर्णनात फोन, ईमेल, व्हॉट्सॲप नंबर, दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता टाकू नका. ईबेला ते चालत नाही, लिस्टिंग उतरवलं जातं. विश्रामबागेतलं दुकान, मिरजेतली गल्ली असा पत्ता विश्वासासाठी लिहावासा वाटतो, पण गावाचं नाव पुरे.

शीर्षक

शीर्षकाला ८० अक्षरांची मर्यादा आहे आणि त्यात कुठलीही मांडणी चालत नाही. इथे शोधशब्द महत्त्वाचे. परदेशी माणूस तानपुरा असंही शोधतो आणि तंबुरा असंही, म्हणून दोन्ही स्पेलिंगं टाका. मग मिरज, चार तारा, लांबी, वापरलेला. ‘दुर्मीळ’, ‘अप्रतिम’, उद्गारचिन्हं यांत जागा घालवू नका, तसलं कोणी शोधत नाही. मराठीत शीर्षक देत असाल तर लक्षात ठेवा, काना-मात्रा-अनुस्वार वेगळे मोजले जातात. ‘तंबोरा’ डोळ्यांना तीन अक्षरं, संगणकाला सहा.

पाठवणीचा खर्च, लिस्टिंगमध्येच

इथे तंबोऱ्याचे विक्रेते सगळ्यात जास्त आपटतात. आंतरराष्ट्रीय कुरिअरवाले खोक्याचं वजन आणि आकारमान, दोन्ही बघतात आणि जे जास्त निघेल त्याचे पैसे घेतात. सेंटिमीटरमधली लांबी, रुंदी, उंची गुणून सहसा ५००० ने भागतात. आपल्या तंबोऱ्याचं खोकं १३५ बाय ४५ बाय ४५ झालं तर गुणाकार २,७३,३७५ आणि आकारमानाचं वजन जवळजवळ ५५ किलो. काट्यावर खोकं १० किलो भरलं तरी भाडं ५५ चं. हे लिलाव संपल्यावर कळलं तर सगळी कमाई भाड्यात जाते. म्हणून आधी खोकं तयार करा, तारा सैल करून घोडी वेगळी गुंडाळा, भोपळ्याभोवती चारी बाजूंनी फोम द्या, खोकं मोजा, दर विचारा आणि मग आकडा लिस्टिंगमध्ये भरा. वर्णनात पाठवणीच्या मथळ्याखाली खोक्याची मापं आणि बांधणी कशी केली ते दोन वाक्यांत लिहा. आयात शुल्क घेणाऱ्याने भरायचं की तुम्ही, तेही तिथेच.

कधी सुरू करायचं

लिलाव ज्या वेळी सुरू होतो त्याच वेळी, ठरलेल्या दिवसांनी संपतो. ३, ५, ७ आणि १० दिवस हे नेहमीचे पर्याय. बोल्या शेवटच्या काही मिनिटांत चढतात, त्यामुळे गिऱ्हाईक जागं आणि निवांत असताना लिलाव संपायला हवा. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर रविवारी संध्याकाळी ६ वाजता संपवायचा तर आपल्याकडे सोमवार पहाट उजाडलेली असते: त्यांच्या उन्हाळी वेळेत साडेसहा, हिवाळी वेळेत साडेसात. त्यांची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जातात. रात्री जेवण झाल्यावर नऊला लिलाव सुरू करण्याची सवय सोयीची, पण तो तिकडच्या सकाळी साडेआठला, हिवाळी वेळेत साडेसातला, संपतो, लोक कामाला निघण्याच्या गडबडीत.

बोली लागल्यावर वर्णनात फारसे बदल करता येत नाहीत, फार तर भर घालता येते. म्हणून पहिल्या दिवशी, बोली लागण्याआधी, फोनवर पूर्ण लिस्टिंग एकदा नीट वाचा आणि तक्त्यातला प्रत्येक आकडा वाद्याशेजारी टेप धरून पुन्हा ताडून बघा. गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न दुसऱ्यालाही पडणार असं वाटलं तर उत्तर खाली नव्या परिच्छेदात तारखेसह जोडा. बोलीच न लागता लिलाव संपला तर पुन्हा लावताना रंग आणि मथळ्यांत वेळ घालवू नका. पहिला फोटो, शीर्षकातले शब्द, सुरुवातीची किंमत आणि भाडं, या चौघांपैकी एक बदला आणि बघा.